साधारण किती?

आपली मुलं वहीत गणितं सोडवतात, पण 'साधारण किती येईल?' विचारलं की गप्प होतात. चुकायची भीती. आपण मात्र परातीतलं पीठ बघूनच सांगतो, भाकऱ्या किती होतील.

आमच्या बचत गटाच्या बैठकीला सहावी-सातवीची मुलं आईसोबत येतात. एकदा मी विचारलं, "किलोभर ज्वारीत दाणे किती?" कुणी हजार म्हणालं, कुणी कोटी! मग दुकानातल्या काट्यावर १० ग्रॅम ज्वारी घेऊन मोजायला बसवलं. भरले ३६०. सातवीतली एक पोरगी लगेच म्हणाली, "मग किलोत ३६ हजारांच्या आसपास."

पुढच्या बैठकीत तिची आई सांगत होती, "पेरणीला ३० हजार बाहेरून घेते. हप्ता आठवड्याला फक्त ७००. ५२ आठवडे."

पोरगी म्हणाली, "आई, ५० आठवडे धर. ३५ हजार झाले. वर दोन हप्ते. म्हणजे ३६ हजारांच्या वर! सहा हजार जास्तीचे?"

"आणि गटातून घेतले तर?" मी विचारलं. आमचा दर शेकडा २ रुपये महिना. तिनं हिशोब केला: महिन्याला ६००, वर्षाचे ७२००. "गटाचं तर महाग!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगते, मला घाम फुटला.

मी म्हटलं, "दर महिन्याला अडीच हजार मुद्दल फिटतं. व्याज उरलेल्यावरच. मग वर्षभर ३० हजार अंगावर असतात का गं?"

ती थांबली. "सुरुवातीला तीस, शेवटी थोडेच. मधले पंधरा धरू. महिन्याला ३००. वर्षाचे ३६००."

मी रजिस्टरवर महिन्यामहिन्याचं मांडलं तेव्हा ३९०० आले. पहिल्या महिन्याचं व्याज पूर्ण ३० हजारांवर लागतं ना, म्हणून थोडे जास्त. पण कर्ज कुठून घ्यायचं हे ठरवायला तिचा अंदाज पुरेसा होता. शिवाय हे व्याज आपल्याच पेटीत येतं.

पेटीत तेव्हा २२ हजारच होते. बाईनं तेवढे घेतले आणि उरलेल्या आठ हजारांसाठी एक शेळी विकली. पोरगी अजून रुसली आहे. शेळीची वर्षाची करडं कुणी हिशोबात धरलीच नाहीत, म्हणते. येत्या बैठकीत ते मांडायला बसणार आहोत.