गवत निसवलं की विळा लावा

आज गायरानातलं गवत आणि गाईचं दूध याविषयी बोलू.

गटातून कर्ज काढून गाय घेतलेल्या बऱ्याच जणी आम्हाला सांगतात, पावसाळ्यात दूध बरं असतं, संक्रांतीपर्यंत कमी होतं, हप्ता मात्र तेवढाच. मग सरकी पेंडीचं पोतं उधारीवर येतं. पण त्याआधी गंजीतलं गवत बघा. ते कापलं कधी?

मारवेल, पवना ही गवतं फुलोऱ्यात असतात तेव्हा पाला भरपूर असतो, काडी कोवळी असते, प्रथिनंही चांगली असतात. बी पिकून गळालं की कस जातो, काडी टणक होते. असं गवत पचायला वेळ लागतो, पोट भरलेलं राहतं, म्हणून गाय खातेही कमी. खाल्लेल्यातलं आधी तिच्या शरीराला लागतं, उरेल त्याचं दूध. कुसळीचं तर विचारूच नका. कुसळं पिकली की गाईच्या तोंडात टोचतात.

आपल्याकडे दिवाळी उरकल्यावरच गवताला हात लागतो. कारणही खरं आहे. त्याआधी बाजरी-सोयाबीनची काढणी, वरून पाऊस. एकटीला कसं जमणार? म्हणून सावड करा. आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या. दोन-चार दिवसांची उघडीप साधायची, गवत पातळ पसरायचं, उलटंपालटं करायचं आणि हिरवट रंग असतानाच पेंढ्या बांधायच्या. ओलं रचलं तर बुरशी येते, ते गाईला घालू नका. कापताना चार बोटं बुडखा ठेवा, फुटवा येतो. एखादा पट्टा बियाणासाठी राखा.

आता चराईचं. पहिल्या पावसाचे कोंब दिसताच जनावरं सोडली की मारवेल मागे पडतं, कुसळी माजते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं मोकाट चराई बंद केली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली. तिथं चारा वाढला आणि दूधही वाढलं. आपल्याकडे गायरानाचं पारावर ठरतं, भारा मात्र बायकांच्या डोक्यावर. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय मांडा. सगळं गायरान नको, एक तुकडा तरी पावसाच्या सुरुवातीपासून कापणीपर्यंत बंद ठेवायला सांगा. कुणाच्या शेळ्या आहेत, त्यांची सोय मात्र आधी बघा, नाहीतर भांडणं होतील.

आमच्या भागात मारवेल निसवायला लागलंय. उद्या सकाळी तुमच्याकडचं बघून या.