आपल्या गावाची ओळ

(महिला ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

जनगणनेला आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत. एक खानेसुमारी, दुसरा शिरगणती. खानेसुमारी म्हणजे घरं मोजणं आणि शिरगणती म्हणजे डोकी मोजणं. सरकार अजूनही ही दोन्ही कामं करतं. आधी घरयादी होते, मग माणसं मोजतात. मास्तर किंवा बाई दारात येतात, आपण उत्तरं देतो, ते लिहून घेतात आणि जातात. त्या उत्तरांचं पुढे काय होतं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलंय? आकडे म्हणजे तालुक्याच्या साहेबाचं काम, असं आपण धरून चालतो. मग साहेब त्या आकड्यांवर आपल्या गावाचं ठरवतो आणि आपण तक्रार करत राहतो.

जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येक गावाला एक ओळ असते. आपल्या गावाची ती ओळ आपल्या हातात असली पाहिजे. ती वाचता आली पाहिजे आणि तिच्यात काय सुटलंय तेही सांगता आलं पाहिजे. आज एवढंच बोलायचं आहे.

१९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका निघते. तिचे दोन भाग असतात. एकात गावात काय आहे त्याची यादी असते: शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, एसटी, पोस्ट. दुसऱ्यात माणसांचा गोषवारा असतो: घरं किती, बायका किती, पुरुष किती, ० ते ६ वयाची मुलं-मुली, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, साक्षर आणि काम करणारे. हे सगळं बायका-पुरुष वेगळं करून दिलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला. ही माहिती जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला सांगा, ती मोबाइलवर काढून देईल.

आता ओळ वाचायची कशी? समजा, एका गावात बायका-मुली मिळून ५२० आहेत. त्यात ० ते ६ च्या मुली ६०. साक्षर २७६. काही जण २७६ ला ५२० ने भागतात आणि ५३ टक्के काढतात. ते चूक आहे. जनगणनेत साक्षरता सात वर्षांपासून पुढे मोजतात. म्हणून ५२० मधून ६० वजा करायचे. उरल्या ४६०. त्यातल्या २७६ म्हणजे ६० टक्के. आणि ० ते ६ म्हणजे सात वर्षांची पोरं, हेही ध्यानात ठेवा. त्या आकड्याला सातने भागलं की एका वयाची साधारण किती मुलं आहेत ते कळतं. पहिलीत दरवर्षी किती मुली यायला हव्यात याचा अंदाज त्यातूनच येतो. शाळेच्या पटाशी तो ताडून बघा.

पुढचा रकाना कामाचा. आपल्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य' काम करणारी, त्याहून कमी केलं तर 'सीमांतिक', आणि बाकीच्या 'काम न करणाऱ्या'. आपल्या त्याच गावात समजा मुख्य १२०, सीमांतिक ९० आणि काम न करणाऱ्या ३१०. या ३१० मधून ६० लहान मुली काढा. उरल्या अडीचशे. त्यात शाळेतल्या मुली आणि म्हाताऱ्या आहेत हे खरं. पण बाकीच्या कोण? गावातली कुठली बाई काम करत नाही, मला दाखवा.

प्रगणक विचारतो, "बाई काय करते?" घरातला पुरुष सांगतो, "काही नाही, घरीच असते." कित्येकदा बाईही तेच सांगते. वास्तविक जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे घरच्या शेतात बिनमोबदला राबणारी बाई काम करणारीच आहे. फक्त घरी खाण्यापुरतं पिकवलं, घरापुरतं दूध काढलं, तरी ते काम धरायचं असं प्रगणकांच्या सूचनांत २००१ आणि २०११ मध्ये होतं. स्वयंपाक, पाणी, सरपण, पोरं आणि आजारी माणसं सांभाळणं हे मात्र अजून कामात धरत नाहीत. ती लढाई वेगळी आणि लांबची आहे. पण जे कायद्याने धरलं जातं तेही लिहिलं जात नाही, हे तर आपल्या हातातलं आहे.

१९७१ मध्ये प्रश्नाची पद्धत बदलली आणि काम करणाऱ्या बायकांचा आकडा एकदम कोसळला. बायका काही त्या दहा वर्षांत घरी बसल्या नव्हत्या. पुढे स्त्रियांच्या संघटनांनी आणि अभ्यासक बायकांनी हा मुद्दा लावून धरला. १९९१ च्या प्रश्नात 'शेतावर किंवा कुटुंबाच्या धंद्यात केलेलं बिनमोबदला काम धरून' असे शब्द आले. एका प्रश्नातले चार शब्द बदलायला इतकी वर्षं गेली. ते शब्द आपण वापरले नाहीत तर काय उपयोग?

तिसरी गोष्ट मुलींची. महाराष्ट्रात ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगपरीक्षणाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यात १९८८ मध्ये झाला, तरी ही घसरण झाली. बीड जिल्ह्यात तर २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या. तुमच्या गावाच्या ओळीतूनही हे प्रमाण काढता येतं. पण इथे एक सावधगिरी हवी. गावात सगळी मिळून चाळीस मुलं असतील तर दोन-चार जन्मांनी प्रमाण वरखाली होतं. एवढ्यावरून गावाला दोषी ठरवू नका. ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदवहीतून पाच-सात वर्षांचे जन्म एकत्र करा, आजूबाजूच्या चार गावांचे जोडा, मग बोला. आकडा पक्का असला की सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीची मागणी नेटाने करता येते. कच्चा असला तर पहिल्याच बैठकीत आपल्याला गप्प बसवतात.

आता आराखड्याकडे येऊ. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, गावाच्या विकासाचा मोठा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला आणि आपल्याकडे 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने गावाचा आराखडा करायची पद्धत सुरू झाली. चौदाव्या आणि पंधराव्या, दोन्ही आयोगांनी राज्याराज्यांत हा पैसा वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं, आणि ती लोकसंख्या २०११ ची. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही लोकसंख्येच्या प्रमाणातच ठरतात. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांना एक. अंगणवाडी साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक, आदिवासी-डोंगरी भागात ३०० पासून, आणि त्याहून लहान वस्तीलाही १५० पासून छोटी अंगणवाडी निकषात बसत आली आहे. म्हणजे डोकी कमी लागली की पैसा कमी, जागा कमी, सोयीही कमी.

आणखी एक घोळ आहे. जनगणनेतलं गाव म्हणजे महसुली गाव. वाड्या, वस्त्या, तांडे, पाडे हे सगळे त्या एका ओळीत मिसळून जातात. पाण्यापुढे 'आहे' लिहिलं की सगळ्या वस्त्यांना पाणी आहे असं कागद सांगतो. मी काम करते त्या भागातल्या एका गावात असंच होतं. नळ गावठाणात, आणि दोन वस्त्यांवरच्या बायका शेतातल्या विहिरीवर जायच्या. बैठकीत एक सदस्यबाई उठली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, "भाऊसाहेब, कागदावर पाणी आहे ते खरंय. पण आमच्या वस्तीवरनं एक खेप चालून बघा, मग 'आहे' लिहा." तिने आधी घरोघर जाऊन वस्तीचा तक्ता केला होता. किती घरं, किती माणसं, विहीर किती पावलं, दिवसाला किती खेपा. जनगणनेत पाणी अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे असलं की खेड्यात ते 'दूर' धरतात. तिने तोच शब्द वापरला. अर्धा किलोमीटर जाणं, अर्धा येणं, दिवसाला सहा खेपा म्हणजे सहा किलोमीटर, त्यातले तीन डोक्यावर हंडा घेऊन. प्रोसिडिंगमध्ये वस्तीची वेगळी नोंद झाली आणि आराखड्यात वस्तीचं काम वेगळं लिहिलं गेलं. नुसतं "आम्हाला पाणी द्या" म्हणून ती दोन वर्षं सांगतच होती. तक्ता घेऊन गेली तेव्हा ते लिहून घ्यावं लागलं.

आता ऊसतोडीच्या गावांबद्दल. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन टोळ्या गेलेल्या असतात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. नियम असा होता की मोजणीच्या सगळ्या काळात माणूस घरी नसेल तर त्याला घरी धरायचं नाही, जिथे सापडेल तिथे धरायचं. म्हणजे नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावरच्या कोपीत मोजायचा. रानातल्या कोप्यांपर्यंत प्रगणक पोचला तर मोजणी होणार, नाही तर दोन्हीकडून सुटणार. आणि पोचला तरी ती बाई दुसऱ्याच जिल्ह्यातल्या गावात धरली जाणार. तिथला आराखडा तिच्यासाठी केलेला नसतो. तिच्या स्वतःच्या गावात मात्र एक डोकं कमी. हीच गत पालघर-ठाण्याकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांची.

२०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्यानंतर त्यांची पाहणी झाली. त्याआधी या बायकांच्या नावाचा कुठलाच रकाना नव्हता. ज्याची मोजणी नाही त्याची दखल नाही, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि लांबत गेली. जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. जातींची नोंदही तिच्यात व्हायची आहे. माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, म्हणजे पुन्हा हंगामात. म्हणून टोळ्या जायच्या आधी गावाची यादी करा: कोणत्या घरातून किती कोयते गेले, बायका किती, गरोदर किती, बरोबर नेलेली मुलं किती, मागे ठेवलेल्या मुली किती, कोणत्या कारखान्यावर गेले. ही यादी ग्रामसभेत वाचा आणि ठराव करून जोडा. हंगामी वसतिगृहात किती जागा लागतील ते तिच्यातूनच निघतं. जनगणनेचा आकडा त्याने बदलणार नाही. पण आराखडा करताना "तुमची लोकसंख्या एवढीच" असं कोणी म्हणालं तर आपल्याकडे उत्तर असेल. कारखान्याच्या भागात काम करणाऱ्या मैत्रिणींनीही कोप्या कुठे कुठे आहेत ते तहसील कार्यालयाला आधीच लेखी कळवावं.

गावाच्या ओळीत आणखीही पुष्कळ गोष्टी नाहीत. विधवा किती, परित्यक्ता किती, एकट्या बाईच्या जिवावर चालणारी घरं किती, जमीन कुणाच्या नावावर, हे त्या गोषवाऱ्यात सापडत नाही. आणि २०११ चा आकडा आता जुना झाला. तेव्हा कडेवर असलेल्या मुली आज दहावी-बारावीला किंवा त्याच्याही पुढे आहेत, काहींची लग्नं झाली. त्यांच्यासाठी अंगणवाडीचा नाही, एसटीचा आणि कॉलेजचा विचार करायला हवा. म्हणून जनगणनेची ओळ हा पाया धरा आणि त्यावर अंगणवाडीताईचं सर्वेक्षण, आशाताईची वही, जन्म-मृत्यू नोंदवही आणि शाळेचा पट रचा. जिथे आकडे जुळत नाहीत तिथेच प्रश्न विचारा.

हे मांडायची जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. ती खरी घ्या. तिथे वस्तीवार तक्ता वाचा, अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला तरी चालेल. न लिहिणाऱ्या बायकाही नकाशावर बोट ठेवून बरोबर सांगतात.

शेवटी, प्रगणक दारात आला की काय करायचं ते सांगते. स्वतः पुढे या, घरातल्या पुरुषावर उत्तर सोडू नका. शेतातलं, गोठ्यातलं, दुकानातलं काम सांगा आणि किती महिने ते सांगा. घर तुम्ही चालवत असाल तर कुटुंबप्रमुख म्हणून तुमचं नाव सांगा. नवऱ्याने टाकलं असेल तर तसं सांगा, लाजायचं कारण नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने तुमची माहिती गुप्त राहते, ती कोर्टात पुरावा म्हणूनही काढता येत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की रूढीमुळे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगायची सक्ती नाही. १९४८ मध्ये कायदा करणाऱ्यांनी बाईच्या उखाण्याची एवढी काळजी घेतली. तिच्या कामाची काळजी आता आपण घेऊ.

इथून गेल्यावर प्रत्येकीने आपल्या गावाची ओळ उतरवून काढायची आहे, वस्तीवार तक्ता करायचा आहे आणि पुढच्या महिला सभेत तो वाचायचा आहे. तीन महिन्यांनी भेटू तेव्हा तक्ते बरोबर आणा. शेजारच्या गावांचे एकमेकींशी ताडून बघू.