"मले नाई गाता येत"

आम्ही तिवसा तालुक्यातल्या एका लहान गावच्या महिला भजनी मंडळातल्या बाया. मंडळात अकरा जणी आहोत, आज इथं आलो पाच. एकटीनं माइकसमोर बसायला कोणीच तयार नव्हती. म्हणून बोलणार एक आणि बाकीच्या शेजारी बसून मान डोलावणार, असं ठरवून आलो. बोलायचं आहे तेही त्याच भीतीबद्दल: चारचौघांत गायची भीती.

घरात आम्ही सगळ्याच गात होतो. निंदताना, कापूस वेचताना, लेकराला झोपवताना. लहानपणी तर भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हटली, खिरापत ओळखली. तेव्हा कुठली लाज नि कसलं काय! मग लग्न झालं आणि गळ्याला कुलूप लागलं. सुनेचा आवाज ओसरीपर्यंत येऊ नये, हे कोणी शिकवावं लागत नाही. सासऱ्यांचं एक खाकरणं पुरतं. अशी दहा-पंधरा वर्षं गेली, की "म्हन वं एखांदं गानं" असं कोणी म्हटल्यावर तोंडातून एकच वाक्य निघतं, "मले नाई गाता येत."

आणि आमचा तालुका कोणता, तर मोझरीचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम इथंच उभा केला. खंजिरीवर भजन म्हणत ते गावोगाव फिरले, १९५५ साली थेट जपानला जाऊन आले. सगळ्या जातीधर्माच्या माणसांनी एकत्र बसून म्हणायची सामुदायिक प्रार्थना त्यांनी घालून दिली. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत 'महिलोन्नती' नावाचा एक अख्खा अध्याय आहे. एवढं सगळं उशाशी असून आमच्या मंदिरात पुरुष पुढं आणि आम्ही मागं, भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

सुरुवात झाली ती सोयाबीनच्या काढणीत. गडीमाणसं वावरात अडकलेली, संध्याकाळच्या प्रार्थनेला पुढं कोणीच नाही. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी इकडंतिकडं पाहिलं आणि बसल्या जागेवरून सुरू केलं. मागोमाग आम्ही. दहाबारा बाया एकदम म्हणू लागल्या, की आपला आवाज कोणता हे आपल्यालाही कळत नाही. त्या आडोशाला आम्ही मोठ्यानं गायला शिकलो. एकटीला गायला लावलं असतं, तर सगळ्या उठून घरी गेलो असतो.

मग शेजारच्या गावचं आमंत्रण आलं आणि तिथं आमची फजिती झाली. पेटीवर त्याच गावचे एक भाऊ होते. त्यांनी आपल्या सवयीनं सूर धरला, आम्ही मुकाट तोच घेतला. पहिली ओळ विहिरीच्या तळाशी गेली. ती वर ओढायला गेलो, तर अंतरा ताडाच्या शेंड्यावर. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि आम्ही थांबलो. मागून पोरांचं हसू आलं. परत येताना ऑटोत कोणी कोणाशी बोललं नाही. पुढं महिनाभर टाळ खुंटीवर.

एका जाणत्या गुरुजींनी ऐकलं आणि म्हणाले, "गळा चांगला आहे तुमचा, पट्टी चुकली." पुरुषाची पट्टी बाईच्या गळ्याला सहसा बसत नाही, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही काळी चार धरतो. थोरल्या काकू असल्या की काळी तीन. भजनातली सगळ्यात उंच ओळ आधी हळूच गुणगुणून पाहायची. ताण आला, तर पट्टी खाली घ्यायची. आणि पेटीवाल्याला हे सुरू करण्याआधी सांगायचं, लाजायचं नाही. पावसाळ्यात खंजिरीचं चामडं सैल पडून आवाज बसतो, तेव्हा ती चुलीच्या उबेला थोडा वेळ धरायची; फार जवळ नेली तर चामडं फाटतं, तोही खर्च आम्ही केला आहे. एक नियमही केला: एकीनं ओळ सोडली, तर शेजारणीनं उचलायची. कोणी एकटी पडता कामा नये.

त्या नियमाला आम्हीच एकदा मुरड घातली. आमच्यातल्या एकीचा नवरा वारला. मंडळात सगळ्यात खडा आवाज तिचा. आठ महिने ती आली नाही. मग एका गुरुवारी येऊन मागं बसली. तिच्या नेहमीच्या भजनात अंतरा तिचा असे. तो आला आणि आम्ही कोणीच उचलला नाही. नुसते टाळ चालू. ती गायली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी तिनं ती ओळ घेतली, खाली मान घालून, पण पूर्ण.

दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा झालीच. इतक्या लवकर गायला लागली म्हणे. तिची सासू हंडा भरत होती. हंडा खाली ठेवून म्हणाली, "माहा लेक गेला, तिचा गळा नाई गेला." त्यावर कोणी काही बोललं नाही. बोललं असेल, तर आमच्यापर्यंत आलं नाही.

गेल्या अश्विनात महाराजांच्या पुण्यतिथीला आम्ही अकराही जणी मोझरीला गेलो. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथं सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात. एवढी गर्दी, पण एक शब्द नाही. त्या रात्री मंडपाच्या कडेला सतरंजी टाकून आम्ही खंजिरी काढली. वर्ध्याकडच्या, यवतमाळकडच्या अनोळखी बाया येऊन बसल्या आणि धृपदाला साथ देऊ लागल्या. त्यांतल्या एकीनं आमच्या धाकटीच्या कानात सांगितलं, "मले नाई गाता येत, पन बसते." आम्ही सरकून जागा केली.

आमच्यातली एक अजूनही गात नाही. टाळ मात्र तिच्याइतका पक्का कोणाचाच नाही. तिला कोणी आग्रह करत नाही. ती आज इथं आली आहे, तिचा टाळ तुम्हाला ऐकू येईल. आता एक भजन म्हणतो. पेटीवाल्या ताईंना सांगून ठेवलं आहे, काळी चार.