आजी-आजोबांचा आनंद आणि गावची शाळा



शाळेच्या पटावर मुलाच्या नावापुढे वडिलांचे व आईचे नाव लिहिले जाते. आजी-आजोबांसाठी तेथे रकाना नाही, आणि तो असावा असाही आग्रह नाही. परंतु आईबाप वेचणीला अथवा कापणीला गेले, म्हणजे मूल ज्यांच्या स्वाधीन असते त्या माणसांशी शिक्षकाचा परिचय असणे अगत्याचे आहे.

दुधापेक्षा दुधावरची साय अधिक जपावी, असे आपल्याकडे नातवंडांविषयी म्हणतात. या लोभाचे कारण फार साधे आहे. स्वतःची मुले लहान होती तेव्हा आजोबा नांगरामागे होते आणि आजीचा दिवस दळण, पाणी, शेण व शेत यांत संपत होता. मूल कधी रांगू लागले, कधी पहिले पाऊल टाकले, हे डोळे भरून पाहण्यास त्यांना सवड नव्हती. राहून गेलेले ते पाहणे नातवंडाच्या रूपाने पुन्हा वाट्यास येते.

हा आनंद सणासुदीचा नव्हे, रोजचा आहे. भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या पिठाची आजी एक लहानशी चानकी थापते आणि ती फुगेपर्यंत नातू चुलीपुढून हलत नाही. आजोबा ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करून देतात. ती दुपारपर्यंत मोडते, व संध्याकाळी दुसरी करावी लागते. दुधाचा दात पडला, की तो कौलावर टाकण्याचा मान आजोबांचा. रात्री गोष्ट तीच, शंभरदा सांगितलेली. तीत आजीने एक शब्द जरी बदलला, तरी पांघरुणातून हटकणारा आवाज येतोच. आपले बोलणे इतक्या बारकाईने ऐकणारे माणूस आजीला साऱ्या आयुष्यात दुसरे क्वचितच भेटलेले असते.

सर्वत्र हे सुख सारखे नाही. बीडसारख्या जिल्ह्यातून कुटुंबे ऊसतोडीला जातात तेव्हा एकट्या आजीवर कित्येक महिने नातवंडांचा भार पडतो. तेथे लोभाइतकाच शीणही असतो, आणि मूल उशिरा शाळेत आले म्हणून रागावण्यापूर्वी शिक्षकाने तो जाणावा.

मूल शाळेत जाऊ लागले, की या नात्याची खरी परीक्षा होते. ते पाटीवर अक्षरे काढून आजीपुढे धरते. तिला ती वाचता येत नाहीत. ‘आजी, तुला एवढंसुद्धा येत नाही?’ असे ते सहज विचारते. त्याच्या मनात खोट नसते. पण कालपर्यंत सर्वज्ञ असलेली आजी त्या क्षणी गप्प होते, आणि पुढे पाटी दिसली की काहीतरी काम काढून उठते.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी याच्या नेमके उलट घडले. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. अंगठ्याऐवजी सही आली, हे मोठेच झाले. त्याहून गोड गोष्ट अशी, की घरी अभ्यास घेण्यास नातवंडे होती. अक्षर चुकले तर ती आजीला पुन्हा गिरवायला लावीत.

प्रत्येक गावी अशी शाळा निघेल असे नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मापे आली, म्हणजे पायली आणि शेर घरी विचारून येण्यास सांगावे. मृगाचा पाऊस लांबला तर पेरणीचे काय करीत, हे आजोबांकडून समजून घेण्यास सांगावे. मुलाने आणलेले उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात आजीचे नाव घेऊन फळ्यावर लिहावे. मात्र हे विसरू नये, नाहीतर आदल्या दिवशीचे विचारणे फुकट जाते. ज्याच्या घरी आजी-आजोबा नाहीत, त्याला शेजारच्या म्हाताऱ्यांकडे पाठवावे. एवढ्याने शाळा सुटताच मूल दप्तरासह थेट चुलीपाशी येते आणि पायलीत किती शेर म्हणून विचारते. आजी फुंकणी खाली ठेवून म्हणते, ‘थांब रे, सांगते. आधी हातपाय धुऊन ये.’