पडद्यांची मांडणी आणि आज्ञांचे टिपण

एका टेबलावर दोन-तीन पडदे मांडून संगणकावर काम करणे आता नवलाचे राहिलेले नाही. मॅकिंटॉश-२ ने १९८७ मध्ये आणि विंडोज ९८ ने १९९८ मध्ये ही सोय सामान्य ग्राहकाच्या हाती दिली. परंतु लॅपटॉप घेऊन घर आणि कचेरी यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्याला तिच्याबरोबर एक नित्याचा जाचही मिळाला. केबल जोडावयाची आणि डावा पडदा कोणता, उजवा कोणता, मुख्य कोणता, हे पुन्हा पुन्हा सांगावयाचे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी काढलेला तोडगा विचार करण्याजोगा आहे. तेथील एक्स विंडो प्रणालीत ही मांडणी म्हणजे आकड्यांचा हिशेब असतो. डावीकडचा वरचा कोपरा हा शून्य. पहिला पडदा १९२० ठिपके रुंद असेल, तर त्याच्या उजवीकडचा पडदा १९२० पासून सुरू व्हावयाचा. २००७ मध्ये आलेल्या ‘एक्स-रँडआर’च्या १.२ आवृत्तीमुळे ही मांडणी काम चालू असतानाच एका ओळीच्या आज्ञेने बदलता येऊ लागली. अशा आज्ञांचे टिपण करून ठेवले, की तीच स्क्रिप्ट.

मात्र खरी मेख पुढेच आहे. आज्ञेत नाव असते ते केबलच्या खाचेचे, पडद्याचे नव्हे. केबल शेजारच्या खाचेत गेली, की टिपण निरुपयोगी! सुदैवाने प्रत्येक पडदा आपली ओळख स्वतःच देतो. ‘एडिड’ नावाच्या, किमान १२८ बाइटांच्या या ओळखपत्रात उत्पादक व नमुना नोंदलेला असतो. पुष्कळदा अनुक्रमांकही असतो. ‘ऑटोरँडआर’ हे साधन ही ओळखपत्रे ताडून पाहते आणि जतन केलेली योग्य मांडणी लावते. एक्सच्या जागी वेलँड असेल, तर ‘स्वे’सारख्या व्यवस्थापकाबरोबर ‘कान्शी’ हे काम करते. एकाच नमुन्याचे दोन पडदे असून अनुक्रमांक नसेल, तर मात्र खाचेचाच आधार घ्यावा लागतो.

एक पथ्य अवश्य पाळावे. बाहेरचा पडदा जोडलेला आहे याची खात्री न करता लॅपटॉपचा पडदा मालवणारी स्क्रिप्ट वापरणाऱ्याला अंधारात सोडते. चूक दुरुस्त करावयाची, तर ती दिसतच नाही. म्हणून आधी विचारावे, मग उजळावे, आणि शेवटी मालवावे.

मुख्य पडदा नजरेसमोर असावा, की त्यासाठी दिवसभर मान वळवावी, हे मात्र यंत्र ठरवीत नाही. तो निर्णय माणसाने एकदा विचारपूर्वक घ्यावा. तो दररोज लक्षात ठेवण्याचे ओझे तेवढे यंत्राने वाहावे.