जांघेतला जागल्या

श्रोतेहो, पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत अवधाण येतं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात हे शेतावरच्या पोरालाही ठाऊक असतं. तळव्यापासून जांघेपर्यंत शरीरात एक वाट आहे आणि त्या वाटेवर गाठी पहाऱ्याला बसल्या आहेत.

मेलानोमा नावाचा त्वचेचा कर्करोग याच वाटेनं पुढे सरकतो. भारतात तो कमी आढळतो; पण आढळला तर पुष्कळदा तळव्यावर, नाहीतर नखाखाली. वाढत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग. दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. कुणी कुरूप समजतं, कुणी बिब्ब्याचा चटका देतं. वजूसाठी दिवसातून पाचदा पाय धुणारे आमचे लोक काय आणि शेतातून आल्यावर अंगणात पाय धुणारे शेजारी काय, तळवा उलटून कुणीच पाहत नाही!

अवधाण फुगतं, ठणकतं. कर्करोग शिरलेली गाठ मात्र सुरुवातीला दुखत नाही, हाताला लागतही नाही. मग कळावं कसं? अमेरिकेतले शल्यचिकित्सक डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मेलानोमासाठी एक रीत मांडली. डागाजवळ निळा रंग टोचायचा. तो ज्या गाठीत आधी उतरेल, तेवढीच काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. आता सोबत किंचित किरणोत्सारी द्रव्यही टोचतात. इंग्रजीत या गाठीला सेंटिनल म्हणतात, म्हणजे पहारेकरी. मला विचाराल तर रात्री पिकाच्या राखणीला बसणारा आपला जागल्या, हाच तिला शोभणारा शब्द.

ही तपासणी आहे, उपचार नव्हे. पूर्वी जागल्या बाधित निघाला की जांघेतल्या बाकीच्या गाठीही काढत. कित्येकांचा पाय जन्मभर सुजलेला राही. तसं सरसकट केल्यानं आयुष्य वाढत नाही, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. आता बहुधा सोनोग्राफीनं लक्ष ठेवतात, गरजेप्रमाणे औषधं देतात.

डाग आधीच कुठेतरी रुंद कापून घेतला, तर ही वाट मोडते आणि जागल्या नेमका सापडेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून कापण्याआधीच विचारावं. डाग साधारण १ मिलिमीटरहून जाड निघाला, तर ही तपासणी सुचवतात. शेगावला किंवा मलकापूरला गाडीत बसलं की मुंबई गाठता येते; तिथलं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचंच काम करतं. तपासणीनंतर दिवसभर लघवी हिरवी-निळी दिसते. नातेवाईक घाबरतात, तो टोचलेला रंगच असतो.