सोन्याचा तांबडा रंग



सोनें म्हटलें कीं पिवळाधमक रंग डोळ्यांपुढें उभा राहतो. कोल्हापूरच्या गुजरींतील एखाद्या सराफास सोनें तांबडेंही असतें असें सांगितलें, तर तो संशयानेंच आपल्याकडे पाहील. तथापि तें खरें आहे. सोन्याचे अत्यंत सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवले, म्हणजे तें पाणी माणकासारखें लाल दिसतें. मायकेल फॅरडे यांनीं १८५७ सालीं असें पाणी तयार करून, रंगाचें मूळ कणांच्या बारीकपणांत आहे असें प्रतिपादिलें. पुढें १९०८ सालीं गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचें गणित मांडलें.

मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर एका भागास नॅनोमीटर म्हणतात. हे कण साधारणतः २० ते ४० नॅनोमीटर रुंदीचे असतात. प्रकाश पडतांच त्यांतील मुक्त इलेक्ट्रॉन एकजुटीनें झोके घेऊं लागतात. हिरवा प्रकाश त्यांत खर्चीं पडतो व तांबडा आपल्यापर्यंत पोंचतो. कण एकमेकांच्या निकट आले कीं झोक्यांची लय बदलते आणि पाणी जांभळट निळें होतें. विशिष्ट द्रव्य भेटल्यावरच कण जवळ यावेत अशी योजना केली, म्हणजे त्या अदृश्य द्रव्याची वर्दी रंगच देतो.

गरोदरपणाच्या घरगुती चाचणीच्या पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ पुष्कळदां या सुवर्णकणांचीच असते. कणांवर प्रतिद्रव्यें बसविलेलीं असतात. गर्भधारणेचें संप्रेरक असल्यास कण रेघेपाशीं अडकतात व तेथें त्यांची दाटी होते. पलीकडची दुसरी रेघ पट्टी शाबूत असल्याची खूण होय. तीच न उमटली, तर ती चाचणी रद्द समजावी.

आतां आपल्या प्रांतांतील एक गोष्ट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणांत मिसळून चपटे, त्रिकोणी सुवर्णकण मिळविले. तें संशोधन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. कळंब्यास आमच्या परसांत जो ठोंब आहे, त्याच जातकुळीचें हें गवत! हे त्रिकोणी कण तांबड्यापलीकडील अदृश्य किरण शोषून घेतात. प्रखर दिव्यापुढें तळहात धरला, तर बोटें लाल दिसतात. कारण मांसांतून तांबडा प्रकाश अधिक पार जातो. त्यापलीकडील कांहीं किरण त्याहूनही खोल शिरतात. म्हणून असे किरण शोषणारे कण रोगट पेशींस चिकटविले, तर ते किंचित् तापून सूक्ष्म ध्वनि उमटवितात, व त्यावरून आंतील चित्र काढतां येतें. प्राण्यांवर असे प्रयोग यशस्वी झाले आहेत.

मनुष्यदेहाविषयीं मात्र सावधगिरी हवी. शरीरांत सोडलेलें हें सोनें यकृतांत व प्लीहेंत दीर्घकाळ सांचून राहूं शकतें. पट्टीवरील सोनें देहाबाहेर राहून साक्ष देतें. पोटांत घेण्याच्या सोन्याची परीक्षा निराळी आहे. यास्तव सुवर्णकणांचें नांव घेऊन कोणी औषध विकूं लागला, तर प्रथम डॉक्टरांस विचारावें. तसेंच रोगाच्या पट्टीवर रेघ उमटली नाहीं, पण ताप उतरत नाहीं, अशा वेळीं रेघेवर विसंबून घरीं बसूं नये. रोगाच्या आरंभीं शोधावयाचें द्रव्य इतकें अल्प असूं शकतें कीं, रेघ दिसण्याइतके कण जमतच नाहींत. रेघ पाहावी, पण रोग्याकडेही पाहावें.